पोलीस आपत्कालीन दूरध्वनी सेवा

संकटात सापडलेल्या व्यक्तीचा दूरध्वनी स्वीकारून तिच्याकडून आवश्यक ती माहिती मिळविणारी व ती गस्तीवरील पोलिसांना तत्काळ कळविणारी यंत्रणा. दूरध्वनी घेणाऱ्या कर्मचाऱ्याने कोणते प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावेत, हे ठरविणाऱ्या नियमांना प्रश्नसंहिता म्हणता येईल.

लंडनमधील विंपोल स्ट्रीट येथे १० नोव्हेंबर १९३५ रोजी लागलेल्या आगीत पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. शेजाऱ्याने केलेला दूरध्वनी केंद्रातील इतर मागण्यांच्या रांगेत अडकून पडला होता. या प्रकरणाच्या चौकशीतून ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. तो फिरविताच केंद्रात तांबडा दिवा लागून भोंगा वाजे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने एकच क्रमांक असावा अशी शिफारस केली व १६ फेब्रुवारी १९६८ रोजी ॲलाबॅमा राज्यातील हेलीव्हिल येथून ९११ या क्रमांकावरील पहिला दूरध्वनी करण्यात आला.

संपर्काचा प्रश्न असा सुटला, तरी संभाषण कसे करावे हे बव्हंशी कर्मचाऱ्याच्या अनुभवावरच अवलंबून राहिले. सॉल्ट लेक सिटी येथील डॉक्टर जेफ क्लॉसन यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस रुग्णवाहिका सेवेसाठी लेखी प्रश्नपत्रे तयार केली. पुढे याच धर्तीवर पोलिसांसाठीही संहिता तयार झाल्या. त्यांत घटनास्थळाची चौकशी सर्वप्रथम होते. कारण संभाषण मध्येच तुटले, तरी मदत पाठविता येते. त्यानंतर काय घडले, ते अद्याप चालू आहे काय, शस्त्र आहे काय, कोणी जखमी आहे काय आणि संशयिताचे वर्णन व त्याची दिशा कोणती, हे विचारले जाते. बोलणे धोक्याचे असेल, अशांसाठी ब्रिटनमध्ये भ्रमणध्वनीवर ५५ दाबण्याची सोय आहे.

तथापि उत्तर मिळविणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते पुढे पोहोचविणेही महत्त्वाचे असते. क्लीव्हलंड येथे २२ नोव्हेंबर २०१४ रोजी एका उद्यानात पिस्तूल रोखणाऱ्या व्यक्तीविषयी दूरध्वनी आला. पिस्तूल बहुधा खोटे असावे आणि ती व्यक्ती बहुधा अल्पवयीन असावी, असे दूरध्वनी करणाऱ्याने सांगितले होते. परंतु हे दोन्ही तपशील घटनास्थळी जाणाऱ्या पोलिसांना कळविले गेले नाहीत. पोहोचल्यानंतर सुमारे दोन सेकंदांतच पोलिसाने गोळी झाडली. तो बारा वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्याच्याजवळचे पिस्तूल खेळण्यातले होते. दूरध्वनी घेणाऱ्या कर्मचाऱ्याला २०१७ मध्ये आठ दिवसांसाठी निलंबित करण्यात आले.

भारतात पोलिसांसाठी १०० हा क्रमांक दीर्घकाळ रूढ होता. पोलीस, अग्निशमन व रुग्णवाहिका यांसाठीचा ११२ हा सामाईक क्रमांक २८ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रथम हिमाचल प्रदेशात व २०२१ मध्ये महाराष्ट्रात कार्यान्वित झाला. या व्यवस्थेतही दूरध्वनी घेणारा, गाडी पाठविणारा व गाडीतील पोलीस हे तीन स्वतंत्र दुवे आहेत. त्यामुळे प्रश्नांच्या क्रमाइतकीच, मिळालेल्या माहितीत काटछाट न होता ती शेवटच्या दुव्यापर्यंत जाण्याची हमी हीसुद्धा प्रश्नसंहितेची कसोटी ठरते.