हरवलेल्या ग्रंथांची यादी

न्यू होंग हा चीनमधील सुइ राजवटीच्या राजग्रंथालयाचा प्रमुख. इसवी सन ५८३ मध्ये त्याने सम्राट वेनला एक अर्ज सादर केला. ग्रंथांवर आजवर पाच मोठी संकटे कोसळली, असे त्याने त्यात क्रमाने मांडले होते. पहिले संकट इसवी सनापूर्वी २१३ मधील, छिन सम्राटाच्या ग्रंथदहनाचे. हे सर्वांना ठाऊक असते. पुढची चार मात्र चीनबाहेर फारशी कुणाला माहीत नसतात. वांग मांगच्या पाडावाच्या वेळी राजधानी छांगआन जळाली आणि तिच्यासोबत ग्रंथही जळाले. इसवी सन १९० मध्ये तोंग च्वो या सेनापतीने राजधानी हलवली, तेव्हा रेशमावर लिहिलेले ग्रंथ सैनिकांनी फाडून तंबूंना आणि गाड्यांवरच्या आच्छादनांना वापरले. लहान तुकड्यांच्या पिशव्या शिवल्या. चौथे संकट पश्चिम चिन राजवटीच्या अंताचे. पाचवे सर्वांत विचित्र. ५५४ मध्ये शत्रूने च्यांगलिंग शहर वेढल्यावर ल्यांग सम्राट युआन याने स्वतःच आपला प्रचंड ग्रंथसंग्रह पेटवून दिला. हा सम्राट अडाणी नव्हता. तो स्वतः ग्रंथकार होता आणि आयुष्यभर त्याने पुस्तके जमवली होती.

न्यू होंगने नुसते रडगाणे गायले नाही, उपायही सुचवला. ज्याच्या घरी ग्रंथ असेल त्याने तो आणून द्यावा. दर गुंडाळीमागे रेशमाचा एक तागा बक्षीस मिळेल, ग्रंथाची नक्कल करून घेतली जाईल आणि मूळ प्रत मालकाला परत केली जाईल. सम्राटाने ही सूचना मान्य केली आणि थोड्याच काळात संग्रह बराचसा भरून निघाला.

या अर्जात एक प्रश्न दडलेला आहे. अमुक ग्रंथ हरवला, हे न्यू होंगला कळले कसे? जी वस्तू डोळ्यांसमोर नाही, तिची उणीव भासायला ती कधीकाळी होती याची नोंद हवी. चीनमध्ये ती नोंद होती, कारण तेथे ग्रंथसूचीची परंपरा त्या वेळीच सहाशे वर्षांची झाली होती.

तिचा आरंभ इसवी सनापूर्वी २६ मध्ये झाला. हान सम्राट छंगने देशभरातून ग्रंथ गोळा करण्यासाठी माणूस पाठवला आणि आलेल्या साहित्याची छाननी लिउ श्यांग या विद्वानाकडे सोपवली. कागदाचे युग अजून यायचे होते. ग्रंथ म्हणजे बांबूच्या पट्ट्यांच्या दोरीने बांधलेल्या जुड्या, नाहीतर रेशमाच्या गुंडाळ्या. दोरी तुटली की पट्ट्यांचा क्रम गेला. एकाच ग्रंथाचे काही भाग राजवाड्यात, काही कुणा अधिकाऱ्याच्या घरी, काहींच्या चार-चार प्रती, तर काहींची एकही नाही, अशी अवस्था होती. श्युन्झ या तत्त्वज्ञाचे लेखन लिउ श्यांगने तपासले तेव्हा त्याच्यापुढे ३२२ प्रकरणे आली. ताडून पाहता त्यांतील २९० पुनरुक्त निघाली. उरलेली ३२ त्याने पक्की केली. आज श्युन्झ वाचणारा प्रत्येक जण ही ३२ प्रकरणेच वाचतो.

या कामाला चिनी भाषेत जो शब्द रूढ झाला त्याच्या मुळाशी ‘वैरी’ असा अर्थ आहे. एकाने प्रत हातात धरायची, दुसऱ्याने मोठ्याने वाचायचे आणि दोघांनी एकमेकांच्या चुका वैऱ्याच्या नजरेने पकडायच्या, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. पाठचिकित्सेची याहून नेमकी कल्पना क्वचितच कुठे सापडेल.

प्रत्येक ग्रंथ पक्का झाला की लिउ श्यांग त्याचा परिचय लिहून सम्राटाला सादर करी. त्याच्या मृत्यूनंतर मुलगा लिउ शिन याने या सर्वांची वर्गवार सूची पूर्ण केली. ती मूळ सूची आज उपलब्ध नाही. परंतु इतिहासकार बान गू याने हान राजवटीच्या इतिहासात तिचा संक्षेप घेतला, म्हणून तिचा सांगाडा टिकला. त्यात ५९६ ग्रंथकार-परंपरा आणि १३,२६९ गुंडाळ्यांची नोंद आहे. त्यांतील बहुतेक ग्रंथ नष्ट झाले आहेत. राहिली आहे ती नावे आणि संख्या.

६५६ मध्ये पूर्ण झालेल्या सुइ इतिहासातील ग्रंथसूचीने एक पाऊल पुढे टाकले. ग्रंथांचे चार विभाग तिने नावानिशी स्थिर केले. पहिला आर्ष शास्त्रग्रंथांचा, दुसरा इतिहासाचा, तिसरा विचारवंतांचा, चौथा काव्य आणि संकीर्ण लेखनसंग्रहांचा. बौद्ध आणि ताओ ग्रंथ शेवटी पुरवणीत. आणखी एक गोष्ट या सूचीने केली, आणि तीच मला जास्त महत्त्वाची वाटते. ल्यांग राजवटीत जे ग्रंथ होते आणि आता नाहीत, त्यांचीही नावे तिने संबंधित नोंदींखाली लिहून ठेवली. राजाच्या भांडारात काय आहे एवढेच दाखवून सूचीकार थांबले नाहीत. काय नाही, तेही त्यांनी लिहिले.

बाराव्या शतकात झंग छ्याओ (११०४–११६२) या इतिहासकाराने या प्रथेला सिद्धांताचे रूप दिले. ग्रंथ नष्ट होतात याचा दोष लोक युद्धांना आणि आगींना देतात, पण खरे कारण वर्गीकरणातला गोंधळ हे आहे, असे त्याचे म्हणणे. विषयाची शाखा नीट आखलेली असेल तर त्या शाखेतले ग्रंथ तगून राहतात, कारण कुणी तरी त्यांचा शोध घेत राहतो. शाखाच विसरली गेली की ग्रंथ कपाटात असूनही हरवतो. म्हणून सूचीत नष्ट झालेल्या ग्रंथांचीही नोंद हवीच, असा त्याचा आग्रह होता. नाव राहिले तर पुढच्या पिढीतला कुणी शोधायला निघेल. ग्रंथ शोधण्याचे आठ मार्गही त्याने सांगून ठेवले.

बौद्ध भिक्षूंनी हेच तत्त्व आपल्या परीने पाळले. चौथ्या शतकात ताओआन याने भाषांतरित सूत्रांची सूची केली. तिच्यात ज्यांचा अनुवादक अज्ञात आहे अशांचा आणि ज्यांच्या अस्सलपणाबद्दल शंका आहे अशांचा वेगळा विभाग होता. ७३० मधील ‘खाइयुआन’ काळातल्या सूचीने १,०७६ ग्रंथ, ५,०४८ गुंडाळ्या असा प्रमाण संग्रह ठरवला. भारतात मूळ नष्ट झालेली कितीतरी पुस्तके चिनी अनुवादात उरली आणि अशा सूचींमुळे ती सापडत राहिली. या धाग्याचे एक टोक पुण्यापर्यंत येते. पालीतील ‘विमुत्तिमग्ग’ हा ग्रंथ मूळ रूपात अखंड मिळत नाही, पण त्याचा सहाव्या शतकातील चिनी अनुवाद आहे. पुण्याचे पु. वि. बापट यांनी चिनी शिकून त्याची ‘विसुद्धिमग्गा’शी तुलना केली आणि १९३७ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. त्याआधी १८८३ मध्ये बुन्यू नान्जिओ या जपानी भिक्षूने चिनी त्रिपिटकाची इंग्रजी सूची ऑक्सफर्डहून छापली होती. ती तयार झाली लंडनच्या इंडिया ऑफिसमधील प्रतीवरून.

आता सूचीकडून कपाटाकडे वळू. निंगबो शहरात फान छिन या निवृत्त अधिकाऱ्याने १५६१ ते १५६६ या काळात बांधलेले थ्येन-यी हे ग्रंथालय चीनमधील आज उभ्या असलेल्या खाजगी ग्रंथालयांत सर्वांत जुने. नावाचा संदर्भ एका प्राचीन वचनाशी आहे, ज्यात ‘स्वर्गाचा एक’ म्हणजे जलाचा उगम. आगीच्या भीतीने नावातच पाणी ठेवले आणि इमारतीपुढे खरे तळेही खोदले. पुस्तकांत कसरीसाठी सुगंधी वनस्पतीची पाने घातली, कपाटांखाली ओल शोषणारे दगड ठेवले. नियम मात्र कीटकनाशकाहून कडक होते. पुस्तक इमारतीबाहेर न्यायचे नाही. कुलपांच्या किल्ल्या घराण्याच्या निरनिराळ्या शाखांकडे. सगळे जमल्याशिवाय दार उघडणार नाही. बाहेरच्या माणसाला प्रवेश नाही. १६७३ मध्ये विद्वान हुआंग झोंगशी याला आत जाऊ दिले, ही शंभर वर्षांतली मोठी घटना मानली गेली. त्याने आत जाऊन काय केले? दुर्मिळ ग्रंथांची यादी उतरवून घेतली.

या बंदिस्तपणाने संग्रह वाचवला हे खरे. पण ज्या ग्रंथाला वाचकच नाही तो वाचला असे कितपत म्हणावे, हा प्रश्न उरतोच. शिवाय राजाच्या हुकमापुढे कुलपे चालत नाहीत. १७७२ मध्ये छ्येनलोंग सम्राटाने देशभरचे ग्रंथ मागवले. न्यू होंगप्रमाणेच त्यानेही नक्कल करून प्रती परत देण्याचे वचन दिले. फान घराण्याने सहाशेहून अधिक ग्रंथ पाठवले. बहुतेक परत आले नाहीत.

या मागणीतून ‘चार विभागांचा संपूर्ण ग्रंथसंग्रह’ उभा राहिला. सुमारे साडेतीन हजार ग्रंथ हातांनी उतरवून घेण्यात आले, आणि अशा एकूण सात प्रती झाल्या. विभाग ओळखू यावेत म्हणून वेष्टनांना वेगवेगळे रंग दिले. जी युन याच्या देखरेखीखाली तयार झालेल्या सूचीत संग्रहात न घेतलेल्या पुस्तकांचाही परिचय आला, त्यामुळे नोंदी दहा हजारांवर गेल्या. आजही चिनी साहित्याचा अभ्यासक प्रथम ही सूची उघडतो.

पण त्याच मोहिमेत दोन हजारांहून अधिक ग्रंथ बंदी घालून नष्ट करण्यात आले. मांचूंविरुद्ध एखादा शब्द, आधीच्या मिंग राजवटीबद्दलची निष्ठा, एवढे कारण पुरे होई. जपण्यासाठी मागवलेली पुस्तके तपासणाऱ्याच्या टेबलावरून चुलीत गेली. लोकभाषेतल्या कादंबऱ्यांना तर त्या भव्य सूचीत जागाच नव्हती. ‘लाल महालाचे स्वप्न’ त्याच काळात वाचले जात होते, पण विद्वानांच्या चार विभागांत ते बसत नव्हते. कोणते पुस्तक कुठे ठेवायचे हे ठरवणारा माणूस कोणते ठेवायचेच नाही हेही ठरवत असतो. नियतीचा विनोद असा, की बंदी घातलेल्या ग्रंथांच्या सरकारी याद्या शिल्लक राहिल्या, आणि पुढच्या संशोधकांनी लपवून ठेवलेल्या प्रती शोधायला त्याच वापरल्या.

सात प्रतींपैकी बीजिंगजवळच्या उन्हाळी महालातील प्रत १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी लावलेल्या आगीत गेली. यांगचौ आणि झेनच्यांग येथील प्रती ताइफिंग बंडाच्या धुमाळीत नष्ट झाल्या. हांगचौची प्रत १८६१ मध्ये विखुरली. तेथील तिंग शेन आणि तिंग बिंग या भावांना बाजारात खाद्यपदार्थ बांधून दिलेला कागद ओळखीचा वाटला आणि तो राजसंग्रहाचे पान निघाला, असे सांगतात. युद्ध चालू असताना त्यांनी आठ हजारांहून अधिक खंड गोळा केले. मग १८८२ पासून सहा वर्षे, सापडलेल्या निरनिराळ्या प्रतींवरून, हरवलेले खंड पुन्हा लिहवून घेतले. नेमके काय गहाळ आहे ते सूचीने सांगितले, म्हणूनच हे शक्य झाले.

जुन्या चिनी पुस्तकाची नोंद करणे आजही सोपे नाही. लाकडी ठोकळ्यांवरून छापलेले पुस्तक. तेच ठोकळे पन्नास-शंभर वर्षे जपून, दुरुस्त करून पुन्हा वापरलेले. मग छपाईचे वर्ष कोणते? सूचीकार अक्षरांकडे पाहतो. सम्राटाच्या नावातले अक्षर पूर्ण लिहिणे निषिद्ध होते, म्हणून शेवटची रेघ गाळत. खांगशी सम्राटाच्या नावातले अक्षर असे अपुरे दिसले, तर पुस्तक १६६२च्या आधीचे नसते. पानाच्या घडीवर ठोकळा कोरणाऱ्या कारागिराचे नाव सापडते. मालकांचे तांबडे शिक्के एकावर एक उमटलेले असतात. पुस्तकविक्रेते मात्र नंतरची प्रस्तावना फाडून, कागद चहासारखा पिवळा रंगवून नवे पुस्तक जुने म्हणून विकत. त्यांच्याशीही सूचीकाराला वैऱ्यासारखे बसावे लागते.

विसाव्या शतकात ग्रंथालये सार्वजनिक झाली आणि धोकाही बदलला. थ्येन-यी ग्रंथालयातून १९१४ मध्ये चोराने हजाराहून अधिक ग्रंथ लांबवले आणि ते शांघायच्या बाजारात आले. प्रकाशक आणि विद्वान झांग युआनजी याने त्यांतले पुष्कळ आपल्या ‘कमर्शियल प्रेस’च्या ग्रंथालयासाठी विकत घेतले, ते परदेशी जाऊ नयेत म्हणून. दुर्मिळ प्रतींची छायाचित्रे घेऊन त्यांच्या स्वस्त आवृत्त्या काढण्याचा उद्योगही त्याने १९१९ पासून चालवला होता. १९३२च्या जानेवारीत जपानी विमानांनी शांघायवर बॉम्ब टाकले. छापखाना जळाला, आणि काही दिवसांत ग्रंथालयही. चार लाखांहून अधिक खंडांची राख झाली. थ्येन-यीच्या तळ्याने साडेतीनशे वर्षे ज्यांना आगीपासून राखले, ते ग्रंथही तिच्यात होते. बँकेच्या तिजोरीत हलवलेले सुमारे पाच हजार खंड तेवढे बचावले.

१९५१ मध्ये झांगची एक सूची प्रसिद्ध झाली. तो चौऱ्याऐंशी वर्षांचा होता आणि पक्षाघाताने अंथरुणावर होता. सूचीच्या नावाचा अर्थ ‘राखेतून उरलेले ग्रंथ’. तिजोरीतल्या प्रत्येक पुस्तकाची तीत बारकाईने नोंद आहे: ठोकळे, निषिद्ध अक्षरे, शिक्के, सगळे. शेवटी एक पुरवणी जोडली आहे. आगीपूर्वी त्या ग्रंथालयात असलेल्या दुर्मिळ ग्रंथांची ती कच्ची यादी आहे. तिच्यातल्या कित्येक नावांपुढे आज कोणत्याही कपाटाचा क्रमांक लिहिता येत नाही. झंग छ्याओने आठशे वर्षांपूर्वी जे मागितले होते ते हेच होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चीनमधल्या सातशेहून अधिक संस्थांनी मिळून दुर्मिळ ग्रंथांची राष्ट्रीय सूची करायला घेतली, तेव्हा अशा जुन्या याद्या हाताशी होत्या. अमुक प्रत कुठे तरी आणखी असेल का, हे निदान विचारता तरी येत होते.