वनप्रमाणनाची भारतीय मोजपट्टी आणि जागतिक कसोटी

बल्लारपूरच्या लाकूड आगारात लिलावासाठी रचलेल्या सागाच्या ओंडक्यांवर हातोड्याची निशाणी आणि क्रमांक असतात. ओंडका कोणत्या कूपातून आला, तो सरकारी मालकीचा की खासगी आणि त्याच्या वाहतुकीचा परवाना कोणी दिला, हे त्या खुणांवरून व सोबतच्या कागदपत्रांवरून समजते. मात्र ज्या जंगलातून तो तोडला गेला, ते जंगल तोडीनंतर पुन्हा उभे राहिले काय आणि त्या जंगलावर हक्क असलेल्या गावाला तोडीपूर्वी विचारण्यात आले होते काय, याचे उत्तर हातोड्याची निशाणी देत नाही. ते उत्तर त्रयस्थ संस्थेकडून तपासून घेण्याची जी पद्धत जगात रूढ झाली, तिला वनप्रमाणन म्हणतात.

केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये भारतीय वन व काष्ठ प्रमाणन योजना जाहीर केली. योजना ऐच्छिक असून तिचे तीन भाग आहेत : जंगलांच्या व्यवस्थापनाचे प्रमाणन, वनक्षेत्राबाहेरील वृक्षांचे प्रमाणन आणि लाकूड कोणाकोणाच्या ताब्यातून ग्राहकापर्यंत पोहोचले याची साखळी तपासणारे प्रमाणन. जंगलांसाठीच्या मानकात ८ निकष, ६९ निर्देशक आणि २५४ पडताळणीच्या बाबी आहेत. हे मानक २०२३ च्या राष्ट्रीय कार्यआयोजना संहितेचाच एक भाग आहे. योजना चालविण्याचे काम भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेकडे, तर तपासणी करणाऱ्या संस्थांना मान्यता देण्याचे काम भारतीय गुणवत्ता परिषदेच्या अधिस्वीकृती मंडळाकडे सोपविण्यात आले आहे. सर्वांवर देखरेखीसाठी एक परिषद असून तीत केंद्रीय मंत्रालये, राज्यांचे वनविभाग, वनविकास महामंडळे आणि लाकूड उद्योग यांचे प्रतिनिधी आहेत.

कागदावरील ही मांडणी भक्कम आहे. प्रश्न असा, की हे प्रमाणपत्र परदेशातील खरेदीदाराने आणि जंगलाकाठच्या गावकऱ्यानेही खरे मानावे, यासाठी ते कोणत्या कसोटीवर उतरावे लागेल?

दोन जागतिक घराणी

रिओ येथील १९९२ च्या वसुंधरा परिषदेत जंगलांविषयी बंधनकारक करार होऊ शकला नाही. त्या अपयशातून १९९३ मध्ये फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल, म्हणजेच एफएससी, ही संस्था जन्माला आली. तिची तत्त्वे जगभर एकच असतात आणि प्रत्येक देशासाठी ती स्थानिक परिस्थितीनुसार उलगडली जातात. संस्थेच्या कारभारात पर्यावरण, सामाजिक आणि आर्थिक अशी तीन दालने असून तिघांच्या मताचे वजन समान असते. सरकारे, सरकार म्हणून, तिची सदस्य होत नाहीत.

युरोपातील छोट्या वनमालकांना ही चौकट जाचक वाटली. त्यांच्या पुढाकाराने १९९९ मध्ये पीईएफसी ही दुसरी व्यवस्था उभी राहिली. ती स्वतः थेट जंगल तपासत नाही. एखाद्या देशाने आपली योजना तयार करून सादर करायची, स्वतंत्र मूल्यांकनकाराने ती पीईएफसीच्या मापदंडांशी कलमवार ताडून पाहायची, त्यावर जाहीर हरकती मागवायच्या आणि मग सदस्यांनी मतदानाने मान्यता द्यायची, असा तिचा शिरस्ता आहे. राष्ट्रीय योजनेला आंतरराष्ट्रीय मापाने मोजायचे तर सर्वात सरळ वाट हीच.

भारतात या दोन्ही घराण्यांचा शिरकाव सरकारी योजनेच्या कितीतरी आधी झाला. नोएडा येथील नेटवर्क फॉर सर्टिफिकेशन अँड कन्झर्व्हेशन ऑफ फॉरेस्ट्स या संस्थेच्या मानकाला २०१९ मध्ये पीईएफसीची मान्यता मिळाली. त्याखाली २०२३ पर्यंत उत्तर प्रदेश वन निगमाच्या ४१ विभागांना प्रमाणपत्र मिळालेले होते. एफएससीने भारतासाठी स्वतंत्र मानक २०२२ मध्ये आणले. महाराष्ट्राचा वाटाही लक्षणीय आहे. वनव्यवस्थापनासाठी एफएससीचे प्रमाणपत्र मिळविणारा देशातील पहिला वनविभाग गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडचा होता. या प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षांची असते आणि दरवर्षी फेरतपासणी करून घ्यावी लागते. भामरागडच्या प्रमाणपत्राची मुदत पुढे संपली. मध्य प्रदेश व त्रिपुरातील प्रमाणपत्रांचेही तेच झाले. प्रमाणपत्र मिळविण्यापेक्षा ते टिकविणे कठीण, हा या क्षेत्रातील जुना अनुभव आहे.

मलेशियाचा धडा

राष्ट्रीय योजनेचे मूल्यमापन प्रत्यक्षात कोठे अडते, याचे उत्तम उदाहरण मलेशियाचे आहे. तेथे १९९८ मध्ये लाकूड प्रमाणन परिषद स्थापन झाली आणि २००१ मध्ये योजना सुरू झाली. निर्यातीवर डोळा ठेवूनच ती आखली होती, हे कोणी लपविले नाही. ब्रिटिश सरकारच्या तज्ज्ञ केंद्राने २००४ मध्ये तिची छाननी केली, तेव्हा निष्कर्ष निघाला, की ही योजना लाकूड कायदेशीर असल्याची हमी देते, परंतु ते शाश्वत व्यवस्थापनातून आल्याची नव्हे. पुढे सुधारणा होऊन २००९ मध्ये योजनेला पीईएफसीची मान्यता मिळाली.

त्यानंतरही नेदरलँड्सने वेगळी भूमिका घेतली. सरकारी खरेदीसाठी लाकूड तपासणाऱ्या तेथील समितीने, स्वयंसेवी संस्थांच्या हरकतींनंतर, २०१० मध्ये मलेशियाची योजना डच निकषांत बसत नसल्याचे मत दिले. अडचणीचे मुद्दे निकषांच्या संख्येचे नव्हते. मूळ रहिवाशांच्या पारंपरिक जमिनीवरील हक्काला योजनेत कितपत स्थान आहे आणि प्रमाणित क्षेत्रातले नैसर्गिक जंगल लागवडीसाठी मोकळे करता येते काय, यांवर वाद केंद्रित झाला. डच सरकारने ही योजना स्वीकारण्यास २०१३ चा अखेर उजाडला. एकाच योजनेला एका जागतिक संस्थेची मोहोर आणि एका महत्त्वाच्या ग्राहक देशाचा नकार, असे चित्र काही वर्षे होते.

भारतीय योजना मोजताना हेच दोन मुद्दे पुढे ठेवावे लागतात. त्याआधी एक तांत्रिक बाब. भारतीय मानकातील आठ निकषांची वंशावळ १९९८ च्या भोपाळ-भारत प्रक्रियेपर्यंत जाते. त्या प्रक्रियेत जंगलाचे क्षेत्र, जैवविविधता, माती-पाणी, उत्पादकता, सामाजिक व सांस्कृतिक गरजा अशा बाबी ठरविण्यात आल्या आणि २०१४ च्या कार्यआयोजना संहितेतही त्या आल्या. मात्र निर्देशक काय मोजायचे ते सांगतो. किती भरले म्हणजे उत्तीर्ण, ते सांगत नाही. देखरेखीसाठी घडविलेली मोजपट्टी प्रमाणनासाठी वापरायची झाल्यास प्रत्येक निर्देशकासमोर किमान मर्यादा लागते आणि ती ओलांडली न गेल्यास प्रमाणपत्र नाकारण्याची तयारीही लागते. २५४ हा आकडा मोठा आहे, पण आकडा मोठा म्हणून कसोटी कठोर असे नव्हे.

व्यवस्थापक कोण?

खरा पेच जमिनीवर आहे. भारतातील जंगल बहुतांशी सरकारी मालकीचे. सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन प्रकरणातील १९९६ च्या आदेशानंतर मंजूर कार्यआयोजनेशिवाय तोड करता येत नाही. ही शिस्त अनेक देशांत नाही आणि ती भारताची जमेची बाजू आहे. परंतु कार्यआयोजना वनविभाग तयार करतो, तिची संहिता मंत्रालय ठरविते, मानकही मंत्रालयाचे, योजना चालविणारी संस्था त्याच मंत्रालयाची आणि देखरेख परिषदेत पुन्हा वनविभाग व वनविकास महामंडळे. तपासणी संस्था त्रयस्थ आहेत आणि त्यांना मान्यता देणारे मंडळ आंतरराष्ट्रीय परस्परमान्यता व्यवस्थेत सहभागी आहे, म्हणून हा आक्षेप सर्वस्वी लागू पडत नाही. तरीही मानक ठरविताना कोणत्याही एका गटाचे वर्चस्व असू नये, ही पीईएफसीची अट आणि एफएससीची तीन दालने यांच्याशेजारी ही रचना ठेवली, की तराजू सरकारकडे झुकलेला दिसतो.

वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला आणि चित्र आणखी बदलले. या कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनक्षेत्राचे संरक्षण, पुनरुज्जीवन व व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला असा हक्क २००९ मध्ये मिळाला, तरी स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने हाती येण्यास एप्रिल २०११ उजाडले. त्या वेळी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले होते. कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेच्या समितीने आपल्या क्षेत्राचा व्यवस्थापन आराखडा करावयाचा असतो.

मग अशा क्षेत्रासाठी प्रमाणपत्राचा अर्ज कोणी करायचा? वनविभागाने केल्यास ज्याच्याकडे कायद्याने व्यवस्थापन नाही त्याला प्रमाणपत्र दिल्यासारखे होईल. ग्रामसभेने केल्यास तिचा आराखडा कार्यआयोजनेच्या साच्यात बसला पाहिजे, असा आग्रह धरला जाण्याची शक्यता आहे. ही भीती काल्पनिक नाही. छत्तीसगडच्या वनविभागाने २०२५ मध्ये सामूहिक वनहक्क क्षेत्रांसाठी स्वतःला प्रमुख यंत्रणा ठरविणारे पत्र काढले आणि ग्रामसभांच्या विरोधानंतर ते मागे घेतले. एफएससीचे तिसरे तत्त्व आदिवासी समाजांच्या हक्कांचे आहे. मुक्त, पूर्वमाहितीवर आधारित संमती त्यातून अपेक्षित असते आणि पीईएफसीच्या २०१८ च्या मानकातही ही संमती आहे. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्याच्या बाजूने मतदान केले, मात्र आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १६९ क्रमांकाचा करार स्वीकारलेला नाही. वनहक्क कायदा ग्रामसभेला बराच अधिकार देतो. म्हणजे देशाचा कायदा अनेक बाबतीत जागतिक निकषांच्या तोडीचा आहे. गरज आहे ती तपासनीसाने ग्रामसभेचा ठराव मागण्याची आणि ठराव नसेल तर तपासणी तेथेच थांबविण्याची.

नैसर्गिक जंगलाच्या रूपांतराचा मुद्दा विदर्भाला परिचित आहे. महाराष्ट्राचे वनविकास महामंडळ १९७४ मध्ये स्थापन झाले आणि मिश्र जंगल तोडून साग लावण्याचे काम पूर्व विदर्भात मोठ्या प्रमाणावर झाले. मोह, चार, टेंभुर्णी गेल्यावर गावाच्या हाती काय उरते, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. पीईएफसीने रूपांतरासाठी ३१ डिसेंबर २०१० ही सीमारेषा आखली आहे. एफएससीची रेषा पूर्वी १९९४ ची होती. २०२३ पासून लागू झालेल्या धोरणात ती २०२० च्या अखेरीस आणण्यात आली आणि १९९४ नंतरच्या हानीची भरपाई करण्याची अट घालण्यात आली. जुन्या सागबागांना या रेषांचा त्रास नाही. परंतु सागासाठी मिश्र जंगल अलीकडच्या काळात साफ झाले असेल, तर त्या लाकडाला जागतिक प्रमाणपत्र मिळणे अवघड आहे.

बांधावरचा साग

देशात लागणारे औद्योगिक लाकूड मुख्यत्वे शेतबांध, खासगी लागवडी अशा ठिकाणांहून येते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात वनक्षेत्राबाहेरील वृक्षांची वार्षिक औद्योगिक लाकूड क्षमता ९१.५१ दशलक्ष घनमीटर धरली आहे. म्हणूनच नव्या योजनेत या वृक्षांसाठी वेगळे मानक ठेवले, ही तिची सर्वात उपयुक्त बाजू म्हणता येईल. सागाची पन्नास झाडे असलेल्या शेतकऱ्याला एकट्याने तपासणीचा खर्च परवडणारा नाही. अशा शेतकऱ्यांचा गट करून एकत्र प्रमाणपत्र घेण्याची सोय दोन्ही जागतिक व्यवस्थांत आहे आणि कागद कारखान्यांना निलगिरी व सुबाभूळ पुरविणाऱ्या शेतकऱ्यांनी ती वापरलेली आहे.

युरोपच्या बाजारासाठी मात्र यापुढे प्रमाणपत्र पुरेसे ठरणार नाही. युरोपीय संघाच्या २०२३ च्या जंगलतोडविरोधी नियमानुसार लाकूड वा फर्निचर पाठविणाऱ्याला झाड कोणत्या तुकड्यावर वाढले त्याचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील आणि तो तुकडा ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून तयार झालेला नाही, हे दाखवावे लागेल. प्रमाणपत्र तेथे पूरक पुरावा म्हणून चालते, जबाबदारीतून सुटका करीत नाही. नियमाची अंमलबजावणी दोनदा लांबणीवर पडली. डिसेंबर २०२५ मध्ये ठरलेल्या नव्या वेळापत्रकानुसार मोठ्या व मध्यम व्यापाऱ्यांसाठी ३० डिसेंबर २०२६, तर लहानांसाठी ३० जून २०२७ ही तारीख आहे. सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो आणि झाडांची नोंदही केलेली असू शकते. अक्षांश-रेखांश मात्र नसतात. ते शेतावर जाऊनच घ्यावे लागतील.