उड्डाणाच्या अर्जाची गोष्ट

२०१२ साली भाऊबीज १५ नोव्हेंबरला आली होती. त्या दिवशी पहाटे साडेपाच वाजता पुण्यातल्या एका छोट्या कार्यालयात आम्ही चौघे पडद्याकडे बघत बसलो होतो. भारतात साडेपाच म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्रीचे शून्य वाजून शून्य मिनिटे. त्या क्षणापासून जगभरात विमानोड्डाणाचा अर्ज भरण्याचे नियम बदलणार होते. आमच्या कंपनीने तयार केलेली संगणकप्रणाली भाडोत्री विमाने चालवणारे काही छोटे व्यावसायिक वापरत. त्यांचे अर्ज त्या सकाळपासून नव्या नियमांत बसले नाहीत, तर त्यांची विमाने जमिनीवरच राहणार होती.

दुपारी दोनला घरी पोचलो तेव्हा ताई ओवाळणीचे तबक झाकून वाट पाहत होती. "एवढं काय बदललं रे, की सणाच्या दिवशी रात्रभर बसायला लागलं?" तिने विचारले. मी म्हणालो, "काही अक्षरांचे अर्थ बदलले." ती हसली. तिला तेव्हा नीट उत्तर देता आले नव्हते. नंतर या अर्जाचा इतिहास वाचत गेलो, तेव्हा कळले की उत्तर बरेच लांबचे आहे.

अर्ज म्हणजे काय?

विमान उडण्यापूर्वी त्याचा 'फ्लाइट प्लॅन', म्हणजे उड्डाण-आराखडा, हवाई वाहतूक नियंत्रकांकडे द्यावा लागतो. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या करारावर सह्या झाल्या. त्यातून उभ्या राहिलेल्या 'इकाओ' या संघटनेने पुढे या अर्जाचा एक जागतिक नमुना रूढ केला. त्यातल्या रकान्यांना क्रमांक आहेत. सातव्यात विमानाची ओळख, नवव्यात त्याचा प्रकार, दहाव्यात विमानातली उपकरणे, तेराव्यात निघण्याचे ठिकाण आणि वेळ, पंधराव्यात वेग, उंची आणि मार्ग, सोळाव्यात मुक्काम आणि पर्यायी विमानतळ. अठरावा रकाना 'इतर माहिती'चा.

एकोणिसावा रकाना वाचताना मात्र मन जरा थबकते. इंधन किती तास पुरेल, विमानात माणसे किती, रबरी होड्या आहेत का, असल्यास त्यांच्या आच्छादनाचा रंग कोणता, हे त्यात लिहायचे असते. हा रकाना नेहमीच्या संदेशाबरोबर पुढे जात नाही, निघण्याच्या ठिकाणीच जपून ठेवतात. विमान वेळेवर पोचले नाही तरच तो काढून वाचायचा. दोन विमानांना एकमेकांपासून दूर ठेवणे आणि हरवलेले विमान कुठे शोधायचे ते ठरवणे, या दोन कामांसाठी हा अर्ज आहे.

अर्जाची भाषा घडवली ती दूरमुद्रकाने, म्हणजे टेलिप्रिंटरने. त्या यंत्रांवर रोमन लिपीतली फक्त मोठी अक्षरे उमटत आणि एका ओळीत ६९ अक्षरे मावत. म्हणून संदेश कंसाने सुरू होतो, कंसाने संपतो, रकाने आडव्या रेघेने वेगळे होतात आणि उपकरणांसाठी एकेक अक्षर येते. दूरमुद्रक गेले, तरी त्यांनी लावलेली ही काटकसर अर्जात राहिली.

वाचणारा बदलला

सुरुवातीला हा संदेश माणूस वाचत असे आणि त्यातली माहिती कागदाच्या अरुंद पट्टीवर नियंत्रकासमोर लागे. माणूस चूक समजून घेतो. एखादे अक्षर इकडेतिकडे झाले तरी तो अंदाज बांधतो, शंका आली तर फोन करतो.

३० जून १९५६ रोजी लॉस एंजेलिसहून तीन मिनिटांच्या अंतराने निघालेली दोन प्रवासी विमाने ग्रँड कॅन्यनवर एकमेकांवर आदळली आणि १२८ जण गेले. नियंत्रित मार्गांच्या बाहेर वैमानिकांनी स्वतःच नजर ठेवावी, असा तेव्हाचा नियम होता. त्या अपघातानंतर अमेरिकेत १९५८ साली स्वतंत्र हवाई वाहतूक यंत्रणा स्थापन झाली, रडारवर मोठा खर्च झाला आणि पुढच्या दोन दशकांत उड्डाण-आराखडे संगणक वाचू लागला. कामाचा वेग वाढला, पण मधला शंका घेणारा माणूस कमी झाला.

त्याची किंमत काय असू शकते हे २८ नोव्हेंबर १९७९ रोजी अंटार्क्टिकात दिसले. ऑकलंडहून पर्यटकांना घेऊन निघालेले एअर न्यूझीलंडचे डीसी-१० विमान एरेबस या ज्वालामुखी पर्वतावर आदळले आणि २५७ जणांचा मृत्यू झाला. या उड्डाणांचा मार्ग संगणकात भरताना आधी कधीतरी मुक्कामाच्या रेखांशात १६६ ऐवजी १६४ अंश पडले होते. त्यामुळे मार्ग सुमारे २७ सागरी मैल पश्चिमेला, मोकळ्या समुद्रावरून जात होता. वैमानिकांना दिलेली माहितीही त्याच मार्गाची होती. उड्डाणाच्या काही तास आधी कोणीतरी आकडा 'दुरुस्त' केला आणि ते वैमानिकांना कोणी सांगितले नाही. पहिल्या अधिकृत अहवालाने दोष वैमानिकांना दिला. १९८१ साली न्यायमूर्ती पीटर महॉन यांच्या चौकशी आयोगाने मात्र मार्ग न सांगता बदलणे हेच मुख्य कारण ठरवले.

एरेबसची हकीकत मी २०११ साली वाचली, आमचे काम सुरू होण्याच्या सुमारास. चुकीचा आकडा वर्षभर कोणाचे नुकसान न करता पडून राहिला आणि घात झाला तो बरोबर आकडा गुपचूप आल्याने, हे तेव्हापासून डोक्यात बसले आहे.

'एस'चा अर्थ

२०१२चा बदल कशासाठी होता? विमाने आता उपग्रहांच्या आधारे मार्ग काढत होती, वैमानिक आणि नियंत्रक शब्दांऐवजी डेटा-संदेशांनी बोलू लागले होते. जुन्या अर्जात हे सांगायला जागा नव्हती. म्हणून इकाओने २००८ साली दुरुस्ती जाहीर केली आणि तयारीला चार वर्षे दिली.

दहाव्या रकान्यात 'एस' हे अक्षर 'प्रमाणित उपकरणे' या अर्थाने येई. जुन्या नियमांत त्यात चार गोष्टी होत्या : व्हीएचएफ रेडिओ, व्हीओआर, आयएलएस आणि एडीएफ. एडीएफ म्हणजे जमिनीवरच्या जुन्या रेडिओ-दीपाची दिशा दाखवणारे यंत्र. नव्या नियमांत 'एस'मधून एडीएफ वगळले गेले. ते असेल तर 'एफ' वेगळे लिहायचे. अक्षर तेच, जागा तीच, पण अर्थ कमी झालेला. 'आर' पूर्वी एका अर्थाने येई, आता त्याचा अर्थ 'कामगिरीवर आधारित दिक्चालनाची मान्यता आहे' असा झाला आणि कोणती मान्यता ते अठराव्या रकान्यात 'पीबीएन' या शीर्षकाखाली द्यायचे, जास्तीत जास्त आठ नोंदी. डेटा-संदेशांसाठीच्या एकट्या 'जे'ची सात रूपे झाली. अठराव्या रकान्यातल्या शीर्षकांचा क्रमही ठरवून दिला गेला.

शिवाय हे अक्षर म्हणजे फक्त यंत्र असल्याची नोंद नव्हे. यंत्र चालू आहे, वैमानिकाला ते वापरता येते आणि लागते तिथे सरकारी मान्यता आहे, अशा तिन्ही गोष्टींची ती हमी असते. त्यामुळे जुन्या अक्षरांवरून नवी अक्षरे काढणारे साधे सूत्र लिहिता येईना. नव्या अर्जावरून जुना तयार करता येई, पण जुन्यावरून नवा नाही, कारण नव्यात जास्त माहिती होती आणि ती कुठेतरी विचारूनच आणायची होती. आम्ही एकेका ग्राहकाला फोन केले. "तुमच्या विमानात एडीएफ आहे का?" "आहे ना." "चालू आहे का?" मग पलीकडे थोडी शांतता. आमच्या कामाचा मोठा भाग हाच होता.

तारीख

जुन्या अर्जात निघण्याची वेळ चार आकड्यांत असे, पण प्रमाणित नमुन्यात तारखेला जागा नव्हती. अर्ज त्या दिवसाचाच, हे गृहीत होते. नव्या नियमांनी अर्ज १२० तास आधी, म्हणजे पाच दिवस आधी देण्याची मुभा दिली. तेव्हा तारीख हवीच. ती अठराव्या रकान्यात सहा आकड्यांत येऊ लागली. प्रत्येक अर्जात ती घालायचीच, असे आम्ही ठरवले.

आमच्या प्रणालीत वेळ जागतिक प्रमाणवेळेत बदलली जाई. तारीख मात्र मी भारतीय घड्याळातून उचलली होती. दिवसाच्या उड्डाणांना याने काही फरक पडत नव्हता. पण पहाटे पावणेपाचला भारतात जी तारीख असते, तिच्या आदल्या दिवसाचे सव्वाअकरा जागतिक वेळेत वाजत असतात. पहाटे साडेपाचच्या आधी निघणारे प्रत्येक विमान आमच्या अर्जात चोवीस तास उशिरा निघत होते.

हे आम्हाला त्याच महिन्याच्या अखेरीस कळले. विदर्भातून एका रुग्णाला मुंबईला आणायचे होते. छोटे विमान, पहाटेची वेळ. वैमानिकाने निघण्याची परवानगी मागितली तेव्हा उत्तर मिळाले की तुमचा आजचा अर्जच नाही, उद्याचा आहे. ब्रीफिंग ऑफिसातल्या माणसाने दोन्ही वेळा ताडून पाहिल्या, चूक ओळखली आणि अर्ज पुन्हा हाताने भरून घेतला. चाळीस मिनिटे गेली. रुग्ण मुंबईला पोचला, एवढेच मला सांगण्यात आले. पुढे त्यांचे काय झाले, हे विचारायचे धैर्य मला झाले नाही.

ही चूक जुन्या अर्जात होऊच शकत नव्हती, कारण त्यात तारीख नव्हती. तारीख आली आणि माझा जुना निष्काळजीपणा उघडा पडला. भाऊबीजेच्या पहाटे आम्ही पडद्यावर तपासलेले अर्ज सगळे दिवसाच्या उड्डाणांचे होते.

दोन डीव्हीएल

हा प्रश्न छोट्या कंपन्यांपुरता नाही. २८ ऑगस्ट २०२३ रोजी ब्रिटनमध्ये सुट्टीचा सोमवार होता. लॉस एंजेलिसहून पॅरिसला जाणाऱ्या एका विमानाचा अर्ज तिथल्या यंत्रणेत आला. मार्गात 'डीव्हीएल' हे नाव दोनदा होते : एक अमेरिकेच्या नॉर्थ डकोटातले डेव्हिल्स लेक, दुसरे फ्रान्समधले दोव्हिल. दोन्हींमध्ये सुमारे चार हजार सागरी मैल अंतर. अर्ज नियमांत बसणारा होता. ब्रिटनच्या आकाशातून विमान बाहेर कुठे पडणार, हे शोधताना संगणकाने चुकीचा डीव्हीएल धरला. त्यामुळे विमान आत शिरण्यापूर्वीच बाहेर पडल्यासारखे दिसू लागले. या विसंगतीवर काय करायचे हे ठरलेले नसल्याने यंत्रणेने खबरदारी म्हणून स्वतःला बंद केले. मग राखीव यंत्रणेने तोच अर्ज त्याच पद्धतीने वाचला आणि तीही बंद पडली. नियंत्रकांना अर्ज हाताने भरावे लागले. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाच्या अहवालानुसार सात लाखांहून अधिक प्रवाशांची गैरसोय झाली.

यंत्रणेने बंद पडणे पत्करले, चुकीचा मार्ग नियंत्रकापुढे ठेवला नाही. एरेबसच्या तुलनेत ही प्रगतीच म्हणायची. पण दोन गावांना एकच नाव असू शकते, हे एखाद्या पोस्टमनला सांगावे लागत नाही.

अमेरिकेने देशांतर्गत उड्डाणांसाठी स्वतःचा वेगळा नमुना बरीच वर्षे चालवला. अखेर २७ ऑगस्ट २०१९पासून तिनेही इकाओचा नमुना स्वीकारला. आता तोही जुना ठरतो आहे. विमानाची माहिती उड्डाणाच्या आधीपासून सतत देवाणघेवाणीत ठेवणारी नवी पद्धत येत असून, २०३४च्या सुमारास २०१२चा अर्ज निवृत्त करण्याचे नियोजन आहे. दूरमुद्रकाची ती मोठी अक्षरे आणि कंस तेव्हा जातील. कुणीतरी पुन्हा एखाद्या कार्यालयात रात्रभर बसेल.

गेल्या भाऊबीजेला मी ताईला त्या रुग्णाची गोष्ट सांगितली. इतकी वर्षे का सांगितली नाहीस, असे तिने विचारले नाही. ती म्हणाली, "अरे, पण त्या ऑफिसातल्या माणसाला तू कधी फोन केलास का?" मी केला नव्हता. त्याचे नावही मला माहीत नाही.