शीव वारणेची, माप साखळीचे

25 सप्टेंबर 1819 रोजी इंग्रज कंपनी आणि छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्यात तह झाला आणि सातारचे राज्य नव्या हद्दीत उभे राहिले. ती हद्द समजायला नकाशा लागत नाही. पश्चिमेस सह्याद्री, उत्तरेस नीरा आणि भीमा, दक्षिणेस वारणा आणि कृष्णा, पूर्वेस पंढरपूर आणि विजापूरचे परगणे. ज्याने घराचे खरेदीखत एकदा तरी वाचले आहे, त्याला ही मांडणी लगेच ओळखू येईल. खतात शेजाऱ्याचे घर, बोळ, विहीर असते. इथे डोंगर आणि नद्या आहेत. अख्ख्या राज्याची ही चतुःसीमाच.

या हद्दीच्या दक्षिण टोकाला सांगली होती. मिरजेच्या जहागिरीवरून चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन आणि त्यांचे चुलते गंगाधरराव यांच्यात वाटणी झाली आणि 1801 मध्ये सांगली चिंतामणरावांची राजधानी बनली. कृष्णाकाठच्या त्या लहान गावाला गणेशदुर्ग मिळाला, गणपतीचे देऊळ मिळाले, बाजार मिळाला. जवळच हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. एका बाजूला पटवर्धनांचा मुलूख, दुसऱ्या बाजूला छत्रपतींचा आणि वारणेपलीकडे करवीरचा. तीन सत्तांच्या सांध्यावर हे शहर वाढले.

अशा वाढत्या शहरांचे सर्वांत जुने आराखडे आज आपल्यापुढे आहेत ते नावांच्या रूपात. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शाहू महाराजांनी वसवलेल्या साताऱ्यात मंगळवार, शनिवार, यादोगोपाळ, चिमणपुरा, मल्हार अशा पेठा आहेत: काही वारांच्या, काही माणसांच्या. प्रतापगंज हे नाव प्रतापसिंहांच्या कारकिर्दीची आठवण देते. सांगलीत गावभाग, पेठभाग, खणभाग. गावभाग म्हणजे मूळ वस्ती, पेठभाग म्हणजे तिला जोडलेला बाजार. ही नावे क्रमाने वाचली की शहर कोणत्या अंगाने पसरले ते कळते.

जमिनीचे मापही होतेच. शिवकाळात अण्णाजी दत्तो यांनी केलेल्या धाऱ्यात, म्हणजे जमीनमहसुलाच्या आकारणीत, पाच हात पाच मुठींची काठी होती. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा. एकशे वीस बिघ्यांचा एक चावर. माणसाचा हात आणि मूठ हेच मापाचे मूळ. शिवेचा तंटा पडला तर कागदाइतकाच माणसाच्या शब्दाला मान असे, आणि त्यात गावच्या महाराची साक्ष वजनदार होती. शिवेचा दगड कुठे, ओढा कुठून वळतो, हे त्याच्या पिढ्यांना पायांखालून ठाऊक होते. जुन्या पद्धतीत गावचा नकाशा सांभाळणारा तो माणूस होता. त्याचे हे ज्ञान पुढच्या नकाशांवर कुठेही नोंदले गेले नाही. हा अन्याय इतिहास लिहिणाऱ्याने तरी स्पष्ट सांगितला पाहिजे.

1848 मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी महाराज वारले. त्यांचे दत्तकविधान नामंजूर करून कंपनीने राज्य खालसा केले. त्यानंतरच्या दशकात साताऱ्याच्या गावांत नवी मोजणी आली. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी 1835 च्या सुमारास इंदापुरात बसवलेली आणि 1847 च्या संयुक्त अहवालात नियमबद्ध झालेली ही पद्धत. तिची साखळी 33 फुटांची, साखळीचे सोळा आणे. म्हणजे एक आणा पावणेपंचवीस इंचांचा. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. आज रजिस्टर कचेरीत आपण सहज ‘गुंठा’ म्हणतो, तो या साखळीतून आला.

या मोजणीचा मूळ कागद म्हणजे टिपण. जुनी टिपणे मोडीत आहेत. पानाच्या मधोमध एक रेघ: शेतातून सरळ धरलेली आधाररेषा. मोजणीदार तिच्यावरून साखळी टाकत पुढे जाई. जिथे बांध वळे तिथे शंकू रोवून काटकोन साधायचा आणि बांधापर्यंतचा लंब मोजायचा. समजा रेघेवर 3 साखळ्या 8 आणे असे लिहिले आहे. म्हणजे आरंभापासून 115 फूट 6 इंचांवर तो लंब निघतो. चित्र हातानेच काढलेले, प्रमाणात नसलेले. पण आकडे इतके पक्के की त्यांच्यावरून बांध पुन्हा जागेवर आखता येतो. हद्दीच्या वादात आजही टिपण काढून पाहतात, ते याच भरवशावर.

मात्र ही साखळी काळीत म्हणजे शेतांत फिरली, पांढरीत म्हणजे वस्तीत शिरली नाही. सारा शेतावर होता, म्हणून शेताचा बांधन्‌बांध कागदावर आला. वस्ती ‘गावठाण’ या एका शब्दात आणि एका रेघेच्या आत बंद झाली. मुंबई इलाख्यात शहरातल्या घरजागा मोजून सनदा देण्याची व्यवस्था 1868 च्या कायद्याने आली. त्याआधीचे वाडे, बोळ, बाजार शोधायचे तर टिपण उपयोगी पडत नाही. खरेदीखते, इनामपत्रे, वाटणीपत्रे यांतल्या चतुःसीमा एकमेकींना जोडत जावे लागते. एकाच्या पूर्वेचा शेजारी दुसऱ्या कागदात पश्चिमेला सापडतो, तेव्हा हरवलेली गल्ली पुन्हा उभी राहते. म्हणूनच घरोघरच्या ट्रंकांतले मोडी कागद रद्दीत जाता कामा नयेत. ते एका घराचे नसतात, चारही बाजूंच्या घरांचे असतात.

1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला, 1960 मध्ये त्याचे नाव सांगली झाले. राज्ये गेली, जिल्हे बदलले. पण नीरा आजही पुणे आणि सातारा यांच्या मधून वाहते, आणि सांगली-कोल्हापूरची हद्द बऱ्याच अंतरापर्यंत वारणाच सांगते.