तान्हा पोळा हे ‘आपलं हॅलोविन’ आहे का? सणाच्या इतिहासाला विचारायचे तीन प्रश्न

ऑक्टोबर संपत आला की शहरातल्या प्ले-ग्रुपमधून पालकांना निरोप येतो: मुलांना भुताच्या वेशात पाठवा. लगेच कुणीतरी व्हॉट्सॲपवर लिहितं, हे कशाला पाहिजे, आपल्याकडे तान्हा पोळा आहेच की! दुसरा भर घालतो, मारबत म्हणजे तर विदर्भाचं हॅलोविन. वाक्य चटपटीत आहे. पण तुम्ही पेट देऊन संशोधनाकडे वळणार असाल, तर असं वाक्य दिसलं की जरा थांबायची सवय लावून घ्या. आज हेच वाक्य आपण सोलून बघू. सुरुवात नागपूरपासून करू आणि शेवटी गडचिरोलीतल्या सूरजागडपर्यंत जाऊ, कारण तिथे हा प्रश्न नुसत्या गमतीचा राहत नाही.

आधी साम्य बघू

श्रावण अमावास्येला पोळा. याच दिवशी पिठोरीचं व्रत असतं. आई वाण डोक्यावरून मागे धरते, ‘अतीत कोण?’ विचारते आणि मागे उभं असलेलं लेकरू ‘मी’ म्हणून उत्तर देतं. व्रत मुलांच्या आयुष्यासाठी. दुसऱ्या दिवशी पूर्व विदर्भात तान्हा पोळा. लहान मुलं चाकांचा लाकडी नंदी सजवतात, स्वतःही नटतात आणि घरोघरी जाऊन बोजारा मागतात. कुणी पैसे देतं, कुणी खाऊ. त्याच दिवशी मारबत. नागपुरात काळी आणि पिवळी अशा दोन मोठ्या मारबतींची मिरवणूक निघते, सोबत त्या वर्षीच्या राग आणणाऱ्या गोष्टींवरचे बडगे असतात. झाडीपट्टीच्या गावांत पोळ्याला दाराशी ठेवलेल्या पळसाच्या फांद्या पहाटे गावाबाहेर नेऊन टाकतात. टाकताना रोगराई, खोकला, ढेकूण-डास सगळं सोबत घेऊन जा, असं मारबतीला ओरडून सांगतात.

आता ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ आठवा. मुलांचं सोंग, दारोदार जाणं, खाऊ मिळणं, भीतीदायक आकृत्या. साम्य खरंच आहे, ते नाकारायचं कारण नाही.

पण वटवाघळालाही पंख असतात आणि फुलपाखरालाही. दोघं उडतात म्हणून त्यांच्या पंखांचं मूळ एक ठरत नाही. वटवाघळाचा पंख हा हाताच्या हाडांचा, फुलपाखराच्या पंखात हाडच नाही. काम सारखं आणि मूळ सारखं, ही दोन वेगळी विधानं आहेत. बारावीच्या जीवशास्त्रात आपण हा फरक नीट सांगतो, सणांबद्दल बोलताना मात्र विसरतो.

तीन प्रश्न

कोणत्याही सणाला हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. एक, लोक नेमकं काय करतात? दोन, त्याचं कारण काय सांगतात? तीन, याचा पुरावा कधीपासून मिळतो? गोंधळ होतो तो दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्याच्या रकान्यात लिहिल्यामुळे.

हॅलोविनवरच प्रयोग करू. सगळीकडे वाचायला मिळतं की हा दोन हजार वर्षांपूर्वीचा केल्टिक सण, सॅव्हिन, मृतांचा दिवस आणि केल्टांचं नववर्ष. आयर्लंडच्या मध्ययुगीन साहित्यात हिवाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या सॅव्हिनचा उल्लेख आहे, हे खरं. पण ‘केल्टांचं नववर्ष’ ही कल्पना पुढे आणली जॉन ऱ्हीस या वेल्श अभ्यासकाने, १८८० च्या दशकात. जेम्स फ्रेझर यांनी १८९० पासून ‘द गोल्डन बाव’मधून मृतांच्या सणाची कल्पना जगभर पोचवली. ब्रिटिश इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९६ च्या ‘द स्टेशन्स ऑफ द सन’ या पुस्तकात हा पुरावा तपासला आणि तो फारच तोकडा असल्याचं दाखवलं. मृतांशी असलेला पक्का, लिखित संबंध ख्रिस्ती दिनदर्शिकेतून येतो: १ नोव्हेंबर सर्व संतांचा, २ नोव्हेंबर सर्व मृतात्म्यांचा. मध्ययुगात गरीब माणसं आणि मुलं दारोदार जाऊन मृतांसाठी प्रार्थना करायची आणि बदल्यात छोटे केक घ्यायची. ‘ट्रिक ऑर ट्रीट’ हे शब्द तर उत्तर अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत १९२० च्या दशकात दिसू लागतात आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सगळीकडे पसरतात. म्हणजे ‘दोन हजार वर्षं जुन्या’ सणाचा मुलांना सगळ्यात आवडणारा भाग जेमतेम शंभर वर्षांचा.

आता हेच नागपूरला लावू. तान्हा पोळा दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केला असं सांगतात. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असंही सांगितलं जातं. काळी मारबत म्हणजे बाकाबाई, म्हणजे याच रघुजींची पत्नी. तिने इंग्रजांना साथ दिली, म्हणून लोकांनी तिचा पुतळा काढला, ही कथा दरवर्षी बातम्यांत येते.

तारखा शेजारी शेजारी मांडून बघा. सीताबर्डीची लढाई १८१७ ची. नागपूरचं राज्य खालसा झालं १८५४ मध्ये. बाकाबाई वारली १८५८ मध्ये. मिरवणुकीची सांगितली जाणारी सुरुवात १८८१. म्हणजे जिचा निषेध करायचा ती बाई जाऊन २३ वर्षं झाली होती. याचा अर्थ कथा खोटी, असा लगेच काढू नका. राज्य गेल्याचा सल एका पिढीनंतर मिरवणुकीत उतरू शकतो. किंवा आधीपासून चालत आलेल्या गावोगावच्या मारबतीला शहराने नंतर ओळखीचा चेहरा दिला असेल. दोन्ही शक्यता आहेत, आणि कोणती खरी हे ठरवायला मिरवणुकीच्या काळातला कागद लागेल. तोवर बाकाबाईची कथा दुसऱ्या रकान्यात ठेवायची. तिथेही ती मोलाचीच आहे. नागपूरने आपला पराभव कसा लक्षात ठेवला, हे ती सांगते.

मुलांसाठीची भीती

मारबतीची दुसरी एक कथा आहे, त्यात ती पूतना असते. तान्ह्या कृष्णाला विषारी दूध पाजायला आलेली, मेल्यावर गावाबाहेर टाकलेली. इथे राजकारण नाही, लेकरू आहे. पिठोरीच्या वाणामागे उभं असतं तेही लेकरूच. भाद्रपद लागतो तेव्हा पाऊस मुरलेला असतो, डास वाढलेले असतात, घराघरांत खोकला आणि ताप असतो. ‘खोकला घेऊन जा’ हे आज आपल्याला विनोदी वाटतं. गडचिरोलीत ते विनोदी नव्हतं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या गावांत केलेला अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी मुलांचा न्यूमोनिया ओळखून अँटिबायोटिक दिलं, तर मृत्यू कमी होतात का, हा प्रश्न होता. जिथे हे उपचार मिळाले नाहीत त्या तुलनेच्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू हजारी १७.५ होते, उपचार मिळालेल्या गावांत ८.१. मारबतीला जो खोकला न्यायला सांगत होते, तो खरोखर मुलं नेत होता.

मात्र लक्षात घ्या, हा आकडा मारबतीच्या उगमाचा पुरावा नाही. तो तिसऱ्या रकान्यात जात नाही. तो एवढंच सांगतो की हा विधी करणाऱ्यांची भीती खरी होती. लोकांच्या कृतीला ‘अंधश्रद्धा’ म्हणून बाजूला सारण्याआधी ते कशाला घाबरत होते, हे मोजून बघायला हवं.

सूरजागडला काय बदलतं?

आता एटापल्ली तालुक्यात, सूरजागडच्या डोंगराकडे चला. पोळा आणि मारबत हे बैल-नांगराच्या, धानशेतीच्या पट्ट्यातले सण. सूरजागड परिसरातल्या माडिया गोंडांचं वर्ष ‘पंडुम’नी बांधलेलं असतं. पेरणीआधी बियाण्याचा बिज्जा पंडुम असतो, नवं पीक किंवा फळ पंडुम केल्याशिवाय खात नाहीत. जानेवारीत डोंगरावर ठाकूरदेवाची यात्रा भरते. माडियांच्या विधींत पूर्वजांनाही जागा असते. म्हणून बाहेरच्या माणसाच्या तोंडून चटकन निघतं, ‘म्हणजे यांचं हॅलोविनच!’

इथे ही सैल तुलना महागात पडू शकते. त्याच डोंगरात लोहखनिज आहे, खाण चालू आहे, आणि परिसरातल्या ग्रामसभांनी विरोध करताना डोंगर हे ठाकूरदेवाचं स्थान असल्याचं सांगितलं आहे. वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ चे. दाव्यासाठी कोणते पुरावे चालतात, याची यादी नियम १३ मध्ये आहे. तिच्यात सरकारी नोंदींबरोबर स्मशानभूमी आणि पवित्र स्थळं येतात, आणि वडीलधाऱ्या माणसांचे लिहून घेतलेले जबाबही. याच कायद्याखाली २००९ मध्ये गडचिरोलीच्याच मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला.

म्हणजे विद्यापीठात ज्याला आपण ‘मौखिक परंपरा’ म्हणून तळटिपेत ढकलतो, ते ग्रामसभेत कागद म्हणून दाखल होऊ शकतं. अशा ठिकाणी तुम्ही लिहिलेलं ‘हॅलोविनसारखा एक सण’ हे वाक्य विधीचं नाव, जागा, महिना, तो करणारं कुळ, सगळं पुसून टाकतं. उलट ‘हजारो वर्षांपासून’ असं उगाच फुगवून लिहिलंत, तर समोरचा वकील पहिल्याच प्रश्नात ते फोडेल आणि सोबत खरा जबाबही दुबळा होईल. दोन्हीकडून नुकसान गावाचंच.

म्हणून क्षेत्रभेटीला जाताना वहीच्या पानावर तीन रकाने आखून घ्या: काय करतात, काय सांगतात, कशावरून कळतं. सांगणाऱ्याचा शब्द त्याच्याच भाषेत लिहा, पंडुमला सण आणि बोजाऱ्याला ट्रीट करू नका. कोणी, कुठे, कधी सांगितलं ते त्याच दिवशी नोंदवा. तिसरा रकाना बऱ्याचदा रिकामा राहील. राहू द्या. दुसऱ्या रकान्यातलं उचलून तो भरायचा मोह होईल, तेवढा मात्र टाळा.

आणि घरात लहान मूल असेल तर त्याला नंदी घेऊन बोजारा मागू द्या, ऑक्टोबरात भूतही होऊ द्या. मुलांना दोन्ही आवडतं, आणि त्यासाठी दोन्हींचं मूळ एक असायची काही गरज नाही.