सही सर्वांत शेवटी वाचावी : जुन्या जपानी तलवारीची पारख (थ्रेड)

१/
जपानमध्ये तलवारीची पारख शिकवण्याची एक जुनी रीत आहे. तिला 'कान्तेई' म्हणतात. शिकणाऱ्याच्या हाती पाते दिले जाते, पण पात्याचा मुठीत शिरणारा भाग झाकून ठेवतात, कारण घडवणाऱ्याचे नाव त्याच भागावर कोरलेले असते. उरलेले पोलाद पाहून काळ, प्रांत आणि घराणे सांगायचे. नाव उघडते ते शेवटी. हा उलटा क्रम का, याचे उत्तर या थ्रेडमध्ये पाहू.

२/
प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. मूठ, म्यान आणि हाताचे रक्षण करणारी चकती ('त्सुबा') हा तलवारीचा पोशाख. बांबूची एक लहानशी खुंटी काढली की तो सगळा उतरतो आणि काळानुसार बदलतही जातो. मराठी वाचकाला हे अपरिचित नाही : आपल्याकडच्या 'फिरंग' तलवारीत पाते युरोपातले आणि मूठ देशी असे. म्हणून मुठीवरून पात्याचे वय ठरवू नये.

३/
आता पात्याचा आकार. बाराव्या-तेराव्या शतकातील घोडेस्वाराची तलवार म्हणजे 'ताची' : लांब, चांगलीच वाकदार, वाक मुठीच्या बाजूला अधिक. ती कमरेला धार खाली करून लटकवत. पुढे पायदळाच्या लढाया वाढल्या आणि धार वर ठेवून कमरपट्ट्यात खोवायची 'काताना' रूढ झाली. १६६१ ते १६७३ या कान्बुन काळातील पुष्कळ तलवारींचा वाक तर अगदी अल्प असतो. नुसत्या बाह्यरेषेवरूनही शतकाचा अदमास बांधता येतो.

४/
पण येथेच पहिला चकवा आहे. जुन्या लांब ताची पुढच्या पिढ्यांनी कापून आखूड केल्या. टोकाला हात लावता येत नाही, म्हणून पाते मुठीच्या बाजूने कापत. त्या कापणीत मूळ सही बहुधा नाहीशी होई. कोणी ती दुमडून राखली, कोणी तेवढा तुकडा काढून नव्या जागी बसवला; पुष्कळ तलवारी मात्र निनावी झाल्या. त्यामुळे नाव नसलेली तलवार सामान्यच असते, हा समज चुकीचा आहे.

५/
यानंतर पोलादाची 'त्वचा'. लोहयुक्त वाळू 'तातारा' नावाच्या भट्टीत कोळशासह भाजून कच्चे पोलाद काढत. ते पुन्हा पुन्हा दुमडून ठोकले की पृष्ठभागावर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी उमटते. जुन्या तलवारींच्या पाच मुख्य परंपरा मानतात : यामाशिरो, यामातो, बिझेन, सागामी आणि मिनो. यामातोच्या पात्यात रेषा सरळ धावतात. बिझेनच्या जुन्या पात्यात धारेच्या वर धुक्यासारखी फिकट छाया दिसते.

६/
मराठीत आपण शस्त्राला 'पाणी देतो'. जपानी लोहार ते देण्याआधी पात्यावर मातीचा लेप लावी : पाठीवर जाड, धारेवर पातळ. तापलेले पाते पाण्यात बुडवले की धार झटकन थंड होऊन कठीण होते, पाठ मात्र चिवट राहते. या दोहोंच्या सीमेवर जी शुभ्र रेषा उमटते, तिचे नाव 'हामोन'. सागामीच्या हामोनमध्ये डोळ्यांना वेगळे दिसतील असे चमकते कण असतात. बिझेनच्या हामोनमध्ये ते इतके सूक्ष्म की नुसते धुके भासावे.

७/
आता झाकलेला भाग उघडू. त्याला 'नाकागो' म्हणतात. बाकी पाते पिढ्यान्‌पिढ्या घासून उजळले जाते, पण नाकागोला पॉलिश करत नाहीत. म्हणून त्यावरचा गंज हाच वयाचा साक्षीदार ठरतो : जुना गंज गडद, काळपट-तपकिरी आणि घट्ट; नवा गंज लालसर आणि भुसभुशीत. कानशीच्या खुणांची दिशा, खुंटीच्या भोकांची संख्या, खालच्या टोकाची घडण हेही पाहावे लागते. एकाहून अधिक भोके असली तर पाते बहुधा आखूड केलेले किंवा नव्या मुठीत बसवलेले असते.

८/
मग सही. ताचीवर आणि कातानावर ती सहसा विरुद्ध बाजूंना असते. शस्त्र कमरेला असताना बाहेरच्या बाजूस येईल अशी. पूर्ण सहीत प्रांत, गाव आणि नाव येते. कधी मागच्या अंगाला वर्षही, जपानी कालगणनेनुसार. उदाहरणार्थ, बिझेन प्रांतातील ओसाफुने गावच्या लोहारांची 'ओएई' काळातील (१३९४–१४२८) पाती. महिना बहुधा दुसरा किंवा आठवा लिहिलेला आढळतो, कारण तसा संकेतच होता.

९/
इतकी माहिती देणारी सही शेवटी का वाचायची? कारण ती खोटी असू शकते. तोकुगावा राजवटीत नामवंत तलवार ही मोठ्या नजराण्याची वस्तू होती. मागणी वाढली तशा बनावट सह्याही वाढल्या. शिवाय एकच नाव बाप, मुलगा, नातू असे अनेकांनी चालवले. सागामीचा सर्वश्रेष्ठ लोहार मासामुने याने तर फार थोड्या पात्यांवर सही केली. त्याच्या नावाची सही दिसताच जाणकार अधिक सावध होतात.

१०/
या घोळातून वाट काढण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या होनामी घराण्याने केले. ते तलवारींना पॉलिश करत, पारख करत आणि प्रमाणपत्रे देत. आठवे शोगुन योशिमुने यांच्या आज्ञेवरून १७१९ मध्ये याच घराण्याने नामांकित तलवारींची सूची तयार केली. पण प्रमाणपत्रेही बनावट निघाली! म्हणून नियम एकच राहिला : सही म्हणजे दावा, पाते म्हणजे पुरावा. दोहोंचे पटले नाही, तर विश्वास पोलादावर ठेवावा.

११/
१८७६ मध्ये मेइजी सरकारने सार्वजनिक जागी तलवार बाळगण्यास बंदी केली. सैनिक, पोलीस आणि समारंभांपुरता अपवाद ठेवला. विसाव्या शतकात लष्करासाठी तलवारी पुन्हा मोठ्या प्रमाणावर बनू लागल्या. १९३५ च्या नमुन्याच्या, कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या तलवारी यंत्रावर तयार होत. त्यांच्या पात्यावर अनुक्रमांक ठोकलेला असतो. मात्र अनेक वरिष्ठ अधिकाऱ्यांनी घरातले वडिलोपार्जित पाते लष्करी मुठीत बसवून रणांगणावर नेले. म्हणजे १९४० च्या पोशाखात १४४० चे पाते असू शकते.

१२/
१९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय सैनिकांचा मोठा भरणा असलेल्या चौदाव्या सैन्याचे सेनापती विल्यम स्लिम यांनी आग्रह धरला की जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या सैनिकांसमोर तलवारी खाली ठेवाव्यात. सेनापती किमुरा यांची तलवार स्लिम यांच्याकडे राहिली. खुद्द जपानमध्ये नागरिकांनाही तलवारी जमा करण्याचा हुकूम सुटला. असंख्य पाती नष्ट झाली, असंख्य विजयचिन्हे म्हणून परदेशी गेली. होन्मा जुन्जी यांच्यासारख्या अभ्यासकांनी अमेरिकी अधिकाऱ्यांना समजावले की यांतील काही शस्त्रे ही कलाकृती आहेत. तेव्हा कुठे अशा तलवारींना सूट मिळाली.

१३/
त्या धामधुमीतील दोन तलवारींची कथा पाहा. पहिली 'होन्जो मासामुने', तोकुगावा घराण्याचा मानबिंदू. डिसेंबर १९४५ मध्ये ती तोक्योच्या मेजिरो पोलीस ठाण्यात जमा झाली आणि तेथून गेली ती आजतागायत सापडलेली नाही. दुसरी, बिझेनच्या कुनिमुनेची. कागोशिमाच्या तेरुकुनी देवस्थानाची ही तलवार युद्धानंतर हरवली आणि अमेरिकेत डॉ. वॉल्टर कॉम्प्टन या संग्राहकाच्या हाती आली. आपल्याकडे काय आले आहे हे उमगल्यावर १९६३ मध्ये त्यांनी ती मोबदला न घेता परत केली. आज ती जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे.

१४/
तलवार परत घरी पोहोचली, कारण तिच्यावरच्या खुणा शाबूत होत्या आणि त्या वाचू शकणारी माणसे भेटली. पुष्कळ तलवारींच्या नशिबी हे नव्हते. 'गंज काढून स्वच्छ करू' अशा सदिच्छेने कोणी नाकागोवर पॉलिश पेपर फिरवला की शतकांची साक्ष काही मिनिटांत पुसली जाते. ती पुन्हा लिहिता येत नाही. म्हणून जुने शस्त्र हाती आले तर घासू नये, धार लावू नये, उघड्या पात्याला बोट लावू नये. बोटांचा घामही गंज आणतो. छायाचित्रे घ्यावीत आणि जाणकाराला दाखवावे.

१५/
हा धडा तलवारीपुरता नाही. आपल्याकडे जुनी सनद हाती आली की अभ्यासक शिक्क्यावर थांबत नाहीत. कागद, शाई, अक्षराचे वळण, मायना, भाषा, कालगणना हे सारे पाहतात आणि मगच शिक्क्याचे म्हणणे मान्य करतात. शिक्का बनावट करणे त्या मानाने सोपे. पण संपूर्ण कागदाला खोटे बोलायला लावणे फार अवघड.

१६/
तेव्हा एखाद्या संग्रहालयात जपानी तलवार दिसली, तर खालची पाटी आधी वाचू नका. वाक कुठे आहे ते पाहा, हामोनवर प्रकाश पडेल असे उभे राहा, नाकागो उघडा ठेवला असेल तर भोके मोजा. मनाशी एक शतक ठरवा आणि मग पाटी वाचा. उत्तर चुकले तरी हरकत नाही. पुढच्या तलवारीपाशी तुम्ही अधिक वेळ थांबाल, हाच लाभ. (समाप्त)