नीरेचे पाणी आणि उसाचा धूर

इतिहास म्हटला की आपल्यापुढे लढाया आणि तहनामे उभे राहतात. परंतु आपण घेतो त्या हवेलाही इतिहास असतो. बारामती-इंदापूरकडे तो पाण्यापासून सुरू होतो. हा मुलूख मूळचा अवर्षणाचा. 1876-77 च्या दुष्काळानंतर काही वर्षांतच नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी येथे खेळू लागले. पाठोपाठ ऊस आला, गुऱ्हाळे पेटली. 1930 नंतरच्या दशकात शेठ वालचंद हिराचंद यांच्या उद्योगातून इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. पुढे सहकारी कारखान्यांची धुराडीही दिसू लागली. या समृद्धीचा आम्हांला अभिमान आहे. पण तिच्या जमाखर्चात धुराचाही रकाना हवा.

पाचट पेटले म्हणजे अंगणात काजळी पडते. ती झाडता येते. खरा घात न दिसणारे कण करतात. अडीच मायक्रॉनहून, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्शाहून, बारीक कण फुप्फुसांच्या तळाशी पोचतात. काही रक्तातही उतरतात. दमा बळावतो, हृदयविकाराचा धोका वाढतो. 2013 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अशा कणांची गणना कर्करोगकारकांत केली.

धुराड्यांसाठी 1981 चा कायदा आहे. बांधावरची काडी मात्र आपल्याच हाती असते. तेच पाचट सरीत कुजू दिले तर खत होते आणि जमिनीची ओल टिकते. पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या आभाळाकडे पाहणाऱ्या मुलखाने ओलही जाळावी आणि श्वासही, हे कसे शोभेल?